सांधा कोणाचा? हेल्थकेअर डॉट गव्हचं प्रकरण

१ ऑक्टोबर २०१३ रोजी अमेरिकेच्या केंद्र सरकारचं आरोग्यविम्याचं संकेतस्थळ, हेल्थकेअर डॉट गव्ह, लोकांसाठी खुलं झालं. पहिल्या दिवशी सगळ्या पायऱ्या पार करून विम्यासाठी नाव नोंदवू शकलेल्या माणसांची संख्या होती ६. दुसरा दिवस संपताना ती २४८ झाली. हे आकडे विरोधकांनी रचलेले नव्हते. ते हे संकेतस्थळ उभारणाऱ्या सरकारी खात्याच्या स्वतःच्या बैठकांच्या टिपणांत लिहिलेले होते आणि पुढे संसदेच्या समितीने ते बाहेर काढले.

पुण्यात सॉफ्टवेअर प्रकल्प सांभाळताना आमच्याकडे जी मुलं-मुली नव्याने टीम लीड होतात, त्यांना मी हे प्रकरण आवर्जून सांगतो. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, कोड इतका वाईट होता का?" कोडमध्ये चुका होत्या, पुष्कळ होत्या. पण दोन महिन्यांत तेच संकेतस्थळ चालायला लागलं, आणि ते दुरुस्त करणारे बहुतेक हात ते बांधणाऱ्यांचेच होते. मधल्या काळात बदललं ते हे, की कोण कोणाशेजारी बसतं, बैठकीत कोण बोलतं आणि शेवटचा शब्द कोणाचा. मला या प्रकरणातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते.

आधी काम काय होतं ते पाहू. ओबामांनी आरोग्यविमा आवाक्यात आणण्यासाठीच्या अफोर्डेबल केअर कायद्यावर २३ मार्च २०१० रोजी सही केली. प्रत्येक राज्याने विम्याची ऑनलाइन बाजारपेठ उभारावी आणि जे राज्य उभारणार नाही तिथे केंद्राने ती जबाबदारी घ्यावी, अशी त्यात तरतूद होती. शेवटी ३६ राज्यांचा भार केंद्राच्या संकेतस्थळावर येऊन पडला.

वापरणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर प्रवास साधा दिसतो. खातं उघडायचं, ओळख पटवायची, घरात माणसं किती आणि उत्पन्न किती ते सांगायचं, सवलत किती मिळेल ते बघायचं, विमा निवडायचा. पडद्यामागे मात्र प्रत्येक पायरीला दुसऱ्याच कोणाचं तरी दार ठोठवावं लागत होतं. सामाजिक सुरक्षा क्रमांक एका खात्याकडे, उत्पन्नाची माहिती आयकर खात्याकडे, नागरिकत्वाची नोंद होमलँड सिक्युरिटी या अंतर्गत सुरक्षा खात्याकडे. या सगळ्यांशी बोलण्यासाठी 'डेटा हब' नावाचा एक मध्यस्थ बांधायचा होता. निवड झाली की त्या माणसाची नोंद एका ठरावीक साच्यातल्या इलेक्ट्रॉनिक संदेशाने विमा कंपनीकडे जायची. धंद्यात त्या संदेशाला नुसतं '८३४' म्हणतात. म्हणजे एका अर्जाच्या वाटेवर अर्धा डझन सांधे, आणि त्यातला एक निखळला तरी माणूस मध्येच अडकणार.

आता हे सांधे कोणाच्या ताब्यात होते ते बघा. मुख्य बाजारपेठ बांधायचं काम सीजीआय फेडरलकडे. डेटा हब आणि खातं उघडण्याची, लॉगिनची यंत्रणा क्यूएसएसआयकडे. उत्पन्न पडताळणीत इक्विफॅक्स. कागदी अर्ज हाताळायला सर्को. सर्व्हर आणि डेटा सेंटर व्हेरायझनच्या टेरेमार्ककडे. आरोग्य खात्याच्या कारभाराची तपासणी करणाऱ्या महानिरीक्षक कार्यालयाने नंतर मोजदाद केली तेव्हा ३३ कंपन्या आणि ६० कंत्राटं निघाली. या सगळ्यांचं काम एकमेकांत बसवणारा, ज्याला आपण सिस्टिम इंटिग्रेटर म्हणतो, तो कोण? त्यासाठी कोणाही कंपनीला नेमलं नव्हतं. सीएमएस, म्हणजे मेडिकेअर आणि मेडिकेड चालवणारं सरकारी खातं, ते काम स्वतःच करणार होतं.

खात्याने इंटिग्रेटर होण्यात मुळात चूक काही नाही. पण त्या कामाला एक माणूस लागतो, ज्याच्या टेबलावर सगळे वाद येऊन संपतात. सीएमएसमध्ये धोरणाचे लोक एका कार्यालयात, तंत्रज्ञानाचे दुसऱ्या, कंत्राटं सांभाळणारे तिसऱ्या. महानिरीक्षकांच्या २०१६ च्या अहवालात पहिल्या क्रमांकाचा दोष म्हणून 'स्पष्ट नेतृत्वाचा अभाव' हाच नोंदवला आहे. मॅकिन्झी या सल्लागार कंपनीने २०१३ च्या वसंतातच आढावा घेऊन सांगितलं होतं की निर्णयाचा अधिकार असलेली एकच व्यक्ती नेमा आणि शेवटापासून शेवटापर्यंतच्या टेस्टिंगला वेळ ठेवा. इशारा वेळेत मिळाला होता. पण तो अंगावर घ्यायला नेमका कोणी नव्हता, कारण नसलेला माणूस हाच तर त्या इशाऱ्याचा विषय होता.

अधिकार कुठे सांडत होता याचा एक बारीक पण बोलका पुरावा जीएओ या लेखापरीक्षण संस्थेच्या २०१४ च्या अहवालात आहे. ज्यांना कंत्राट बदलण्याचा अधिकारच नव्हता अशा माणसांनी सुमारे ४० वेळा कंत्राटदाराला जास्तीचं काम सांगितलं, आणि त्याचा खर्च ३ कोटी डॉलरच्या वर गेला. मुख्य बाजारपेठेच्या कामाची रक्कम सप्टेंबर २०११ मधल्या ५.६ कोटी डॉलरवरून फेब्रुवारी २०१४ पर्यंत २०.९ कोटींच्या पुढे गेली. या ४० प्रसंगांत लबाडी असेल असं मला वाटत नाही. समोर इंजिनिअर बसलाय, अडचण खरी आहे, तारीख जवळ आलीय, कोणीतरी म्हणतं "एवढं करून टाका". आपल्यातल्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलंय आणि बऱ्याच जणांनी उच्चारलंय.

एक निर्णय मात्र सविस्तर बघण्यासारखा आहे. मूळ आराखड्यात लोकांना खातं न उघडता विम्याच्या योजना नुसत्या बघता येणार होत्या, जसं आपण दुकानाबाहेर उभं राहून काचेतून बघतो. अगदी शेवटच्या टप्प्यात ती सोय बंद ठेवायचं ठरलं. आता प्रत्येकाला आधी खातं उघडणं भाग. सीजीआयच्या बाजूने पाहिलं तर एक भाग पुढे ढकलला, काम हलकं झालं. क्यूएसएसआयच्या बाजूने पाहिलं तर जी लॉगिन यंत्रणा फक्त खरेदी करणाऱ्यांसाठी होती, तिच्यावर आता नुसते डोकावणारेही येऊन आदळणार होते. एका टीमची सुटका म्हणजे दुसऱ्या टीमच्या डोक्यावरचा बोजा, आणि हे दोन्ही एका कागदावर मांडून बघणारं कोणी नव्हतं. १ ऑक्टोबरला सगळ्यात आधी कोलमडली ती खातं उघडण्याचीच पायरी. एका वेळी ५० ते ६० हजार लोक येतील असा अंदाज होता, आणि आले अडीच लाखांपर्यंत.

गर्दीवर खापर फोडणं सोपं होतं, पहिले काही दिवस ते फोडलंही गेलं. पण संकेतस्थळ खुलं होण्याच्या काही दिवस आधीच्या एका चाचणीत काहीशे वापरकर्त्यांवरच यंत्रणा अडकली होती. तरीही तारीख हलली नाही.

२४ ऑक्टोबरला प्रतिनिधीगृहाच्या ऊर्जा आणि वाणिज्य समितीसमोर चार कंपन्यांचे प्रतिनिधी एका रांगेत बसले. सीजीआयच्या बाईंनी सांगितलं की सुरुवातीला अडथळा होता तो 'पुढच्या दारात', आणि ते दार दुसऱ्या कंपनीचं होतं. क्यूएसएसआयच्या पालक कंपनीचे अँडी स्लॅव्हिट म्हणाले की आधी खातं उघडायला लावण्याच्या उशिरा झालेल्या निर्णयामुळे भार वाढला असावा. आमचा भाग आमच्या चाचण्यांत पास झाला होता, असा सगळ्यांचा सूर. पूर्ण यंत्रणेची एकत्र चाचणी कधी झाली? शेवटच्या दोन आठवड्यांत. ती कोणाची जबाबदारी होती? सीएमएसची.

ही साक्ष वाचताना मला तिथे कोणी खोटं बोलतंय असं वाटत नाही. प्रत्येकजण आपल्या कंत्राटाच्या चौकटीत खरंच बोलत होता, आणि म्हणूनच ते ऐकताना पोटात खड्डा पडतो.

आमच्याकडचं एक उदाहरण देतो, अगदी छोटं. ग्राहक अमेरिकेतला होता. काही ग्राहकांचे पत्ते चुकीचे छापले जात होते. या चुकीची तक्रार, म्हणजे तिकीट, नऊ दिवस दोन टीममध्ये फिरत राहिलं. एकीने लिहायचं "आम्ही बरोबरच पाठवतो", दुसरीने लिहायचं "आम्हाला असंच येतं", आणि तिकीट परत. दोन्ही टीम एकाच मजल्यावर, मध्ये फक्त चहाचं मशीन. शेवटी दोघं जण चहा घेताना बोलायला लागले, एकाने तिथेच लॅपटॉप उघडला आणि वीस मिनिटांत सापडलं. न्यू जर्सी राज्याचे झिपकोड, म्हणजे तिथले पिनकोड, शून्याने सुरू होतात. एका टीमने झिपकोड मजकूर म्हणून धरला होता, दुसरीने आकडा म्हणून, आणि पुढचं शून्य वाटेत गळत होतं. दोन्ही टीमचे टेस्ट रिपोर्ट हिरवेगार होते. चूक मधल्या जागेत होती, आणि त्या जागेला मालक नव्हता. त्या दोघांना कोणी भेटायला सांगितलं नव्हतं, ही माझी चूक. पुढच्या प्रकल्पापासून मी प्रत्येक इंटरफेसपुढे, म्हणजे दोन भागांच्या सांध्यापुढे, एका माणसाचं नाव लिहायला लागलो, टीमचं नाही.

अमेरिकेतही मार्ग तिथूनच सापडला. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात जेफ्री झायंट्स यांच्याकडे दुरुस्तीची सूत्रं आली. ते व्यवस्थापनातले गृहस्थ, प्रोग्रामर नव्हेत. त्यांच्यासोबत सरकारचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी टॉड पार्क आणि बाहेरून बोलावलेले मोजके इंजिनिअर. त्यात मायकी डिकरसन होते, गुगलमध्ये मोठ्या यंत्रणा चालू ठेवण्याचं काम करणारे, तिथून रजा काढून आलेले. यंत्रणा मोडीत काढून नव्याने बांधायची की आहे तीच सावरायची, हा प्रश्न तेव्हा खरोखर समोर होता. या मंडळींनी कंत्राटदारांच्या कार्यालयांत जाऊन बघितलं आणि ठरवलं की सावरता येईल.

त्यांना धक्का बसला तो एका साध्या गोष्टीचा. संकेतस्थळ या क्षणी कसं चाललंय, कुठली पायरी किती सेकंद घेतेय, किती विनंत्या फसतायत, हे एका नजरेत दाखवणारा फलक कुठेच नव्हता. प्रत्येक कंपनीकडे आपापल्या भागाचे आकडे, पूर्ण चित्र कोणाकडेच नाही. मग मोजमापाचं सॉफ्टवेअर बसवून पडद्यावर डॅशबोर्ड लावला गेला. सतत लागणारी माहिती कॅशमध्ये, म्हणजे हाताशी असलेल्या तात्पुरत्या साठ्यात, ठेवण्याची साधी सोयही नव्हती, प्रत्येक वेळी थेट डेटाबेसला हात घातला जात होता. नुसत्या त्या दुरुस्तीने पानं उघडण्याचा वेळ बराच खाली आला. ही काही अवघड विद्या नव्हे. सीजीआयमधल्या कितीतरी जणांना ती नक्कीच येत होती. पण पूर्ण पान किती वेळ घेतंय हे बघणं कोणाच्याच कामात लिहिलेलं नसलं, तर ते सुचणार कधी?

२५ ऑक्टोबरला झायंट्स यांनी जाहीर केलं की क्यूएसएसआय आता मुख्य कंत्राटदार असेल आणि नोव्हेंबरअखेर संकेतस्थळ बहुसंख्य लोकांसाठी नीट चालेल. सांध्याला मालक मिळाला. दोनच दिवसांनी टेरेमार्कच्या डेटा सेंटरमध्ये बिघाड होऊन डेटा हब बंद पडला, म्हणजे मालक मिळाल्याने बिघाड थांबले असं झालं नाही. फरक पडला तो बिघाड झाल्यावर फोन कोणाला करायचा यात.

मेरीलँडमधल्या कोलंबियात एक वॉर रूम उभी राहिली. सगळ्या कंपन्यांचे आणि खात्याचे लोक तिथे, रोज दोन स्टँड-अप, म्हणजे उभ्या उभ्या उरकायच्या छोट्या बैठका, आठवड्याचे सातही दिवस. जे तिथे नव्हते त्यांच्यासाठी फोनची लाइन सतत चालू. डिकरसन यांनी तीन नियम लावले, ते माझ्या शब्दांत सांगतो. ही खोली आणि ही बैठक प्रश्न सोडवण्यासाठी आहे, दोष ढकलायला बाहेर भरपूर जागा आहेत. बोलायचं त्याने ज्याला त्या विषयाचं सगळ्यात जास्त कळतं, हुद्दा कितीही लहान असला तरी. आणि येत्या २४ ते ४८ तासांत जे आपल्याला घायाळ करेल त्याचंच बोलायचं.

दुसऱ्या नियमापाशी मी नेहमी थांबतो. आपल्याकडच्या एस्कलेशन कॉलची, म्हणजे अडचण वरिष्ठांपर्यंत गेल्यावर होणाऱ्या फोनवरच्या बैठकीची, रचना डोळ्यांसमोर आणा. क्लायंटचा डायरेक्टर बोलतो, आपला डिलिव्हरी हेड उत्तर देतो, मॅनेजर मान डोलावतो, आणि ज्या पोराने काल रात्री दोनपर्यंत यंत्रणेच्या नोंदी (लॉग) चाळल्या तो म्यूटवर बसलेला असतो. त्याला उत्तर माहीत असतं. पण हेडसाहेब चुकीचं सांगतायत हे त्याने सगळ्यांसमोर कसं म्हणायचं? मग तो नंतर मॅनेजरला मेसेज टाकतो, मॅनेजर संध्याकाळी साहेबांना गाठतो आणि दुरुस्ती दुसऱ्या दिवशीच्या कॉलमध्ये येते. एक दिवस गेला. ज्या प्रकल्पाकडे पाच आठवडे आहेत त्याला असे दिवस परवडत नाहीत. डिकरसन यांच्या नियमाने तो पोर म्यूटवरून उतरला. नियम तोंडी ठेवून भागत नाही, एखाद्या बैठकीत साहेबांना खरंच थांबवून त्या मुलाकडे बघावं लागतं. ते करणारा माणूस खोलीत असणं, हे संघटन.

इथे फ्रेडरिक ब्रुक्स यांचं जुनं निरीक्षण कोणीतरी पुढे करतंच. आयबीएमच्या ओएस/३६० वर काम केलेल्या या माणसाने १९७५ मध्ये लिहून ठेवलं की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं वाढवली तर उशीर आणखी वाढतो. मग इथे उशिरा आलेली माणसं कशी उपयोगी पडली? माझं उत्तर असं: ती मूठभर होती, आणि कोडचा एखादा तुकडा वाटून घ्यायला आलेली नव्हती. नव्या माणसाला जुनं शिकवण्यात जो वेळ जातो त्याची भीती ब्रुक्स घालतात. इथे नव्या माणसांनी जुन्यांना एकमेकांशी बोलायला लावलं. वर्तमानपत्रांत 'टेक सर्ज', म्हणजे तंत्रज्ञांची कुमक, अशी बातमी झाली म्हणून अनेकांना वाटतं की हुशार पोरांची पलटण उतरली आणि सगळं नव्याने लिहून गेली. तसं झालं असतं तर मला नाही वाटत १ डिसेंबर गाठता आला असता.

१ डिसेंबरला सरकारने प्रगतीचा अहवाल दिला. ४०० हून अधिक दुरुस्त्या झाल्या होत्या. नोव्हेंबरच्या सुरुवातीला संकेतस्थळ जेमतेम ४३ टक्के वेळ चालू असायचं, ते ९० टक्क्यांच्या वर गेलं. पानाचा प्रतिसाद सरासरी ८ सेकंदांवरून एका सेकंदाच्या आत आला, चुकांचं प्रमाण ६ टक्क्यांवरून एका टक्क्याखाली. एका वेळी ५० हजार लोकांचा भार पेलता येईल असं सांगण्यात आलं. केंद्राच्या संकेतस्थळावरून ऑक्टोबरअखेर २६,७९४ जणांनी विमा निवडला होता, डिसेंबर संपेपर्यंत हा आकडा ११ लाखांवर गेला.

चित्र सगळं उजळ नव्हतं, आणि हे मी मुलांना मुद्दाम सांगतो. ते ८३४ संदेश आठवतात? ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्यातल्या चारातल्या एकात चूक असू शकते, असं सीएमएसनेच डिसेंबरमध्ये मान्य केलं. म्हणजे पडद्यावर 'नोंदणी झाली' वाचून निवांत झालेल्या कुटुंबाची नोंद विमा कंपनीकडे अर्धवट गेलेली असू शकत होती. विमा कंपन्यांना पैसे चुकते करण्याचा भाग तर नोव्हेंबरातही बांधायचाच होता. वॉर रूमचा तिसरा नियम, फक्त पुढच्या ४८ तासांचं बघायचा, तातडीत जीव वाचवतो, पण तोच प्रकल्पाची कायमची सवय झाली तर असे मागचे भाग मागेच राहतात. वॉर रूमची नशा चढलेल्या टीम मी बघितल्या आहेत. आग विझवण्यात जो मान मिळतो तो आग न लागू देण्यात मिळत नाही, आणि लीडने हे ओळखून वाटप करायला हवं.

जानेवारी २०१४ मध्ये सीजीआयचं काम ॲक्सेंचरकडे गेलं. एप्रिलमध्ये आरोग्यमंत्री कॅथलीन सिबेलियस यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. ऑगस्टमध्ये सरकारी डिजिटल सेवा सुधारण्यासाठी यूएस डिजिटल सर्व्हिस सुरू झाली आणि डिकरसन तिचे पहिले प्रमुख झाले. समितीसमोर कंत्राटदार म्हणून बसलेले स्लॅव्हिट त्याच वर्षी सीएमएसमध्ये वरिष्ठ पदावर गेले आणि पुढे खात्याचे प्रभारी प्रमुख झाले. सांध्याच्या दोन्ही बाजूंनी उभा राहिलेला माणूस त्या खुर्चीत बसला, हे मला फार योग्य वाटलं.

दरम्यान एक छोटी टीम अर्जाचा नवा अवतार बांधत होती. डिझाइन करणारे, कोड लिहिणारे, खात्याचे नियम जाणणारे, सगळे एकत्र बसून. साध्या परिस्थितीतल्या कुटुंबासाठी आधी ७६ स्क्रीन पार करावे लागत, ते १६ वर आले. १५ नोव्हेंबर २०१४ ला दुसऱ्या वर्षाची नोंदणी उघडली. पहिल्या दिवशी एक लाखाहून अधिक लोकांनी अर्ज पूर्ण करून पाठवले. अर्ज भरणं आणि विमा निवडून होणं एकच नव्हे, हे मान्य करूनही मी तो आकडा फळ्यावर लिहितो, आणि त्याच्या शेजारी वर्षभरापूर्वीचा ६.